ओठांची सालपटं, पॅच टेस्ट आणि बिनवासाची टूथपेस्ट

थंडीत चार दिवस ओठ उलतात आणि काहीतरी लावलं की बरे होतात, असं ज्यांचं आहे त्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचे ओठ बाराही महिने सोलले जातात, ऋतू कुठलाही असो, आणि ज्यांच्या पर्समध्ये, गाडीत, उशीखाली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अशा सगळीकडे एकेक लिप बाम पडलेला असतो. मी बरीच वर्षं त्यात काढली. आता बऱ्यापैकी बाहेर आलेय, पूर्ण नाही, पण लोकांशी बोलताना ओठांचा विचार मनात येत नाही इतपत तरी नक्की.

माझं साधारण असं चालायचं. सकाळी उठलं की ओठांवर एक पातळ पापुद्रा धरलेला असायचा, पांढरट पिवळसर, ताणून बसवल्यासारखा. बोलायला लागलं की तो मधेच तडकायचा, कडा वर यायच्या, आणि एकदा का त्या कडा जिभेला लागायला लागल्या की संपलंच, जीभ दिवसभर तिथेच. मग दाताने नाहीतर नखाने एक टोक पकडायचं आणि ओढायचं, कधी अख्खा पापुद्रा सुटून यायचा (आणि खरं सांगते, तेव्हा फार बरं वाटायचं), कधी शेवटच्या टोकाला जिवंत कातडी धरून यायची आणि रक्त. खालून निघालेला ओठ लालभडक, चकचकीत, हुळहुळा. त्याला आंबट लागलं की आग, खारट लागलं की आग, नुसती हवा लागली तरी चरचर. आणि दोनेक दिवसात परत तसाच पापुद्रा तयार. खालच्या ओठाला जास्त, वरच्याला कमी. ओठांची कड पण पुसट झालेली, म्हणजे ओठ कुठे संपला आणि चेहऱ्याची कातडी कुठे सुरू झाली ते कळायचंच नाही, सगळं एक लालसर. मोठ्याने हसताना हात आपोआप तोंडावर जायचा आणि समोरच्याला वाटायचं ही लाजतेय.

यात सगळ्यात वैताग कशाचा असेल तर सल्ल्यांचा. "पाणी कमी पितेस का गं?" हे तर मी इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. आई म्हणायची, "अगं, ओठच आहेत ते, इतकं काय मनावर घेतेस, होतील बरे." बरोबर आहे तिचं, कुणी काही ओठांनी मरत नाही. पण जेवताना, बोलताना, दात घासताना, झोपताना, म्हणजे दिवसातून शंभर वेळा जी गोष्ट जाणवते ती छोटी कशी म्हणायची? आणि पाण्याचं म्हणाल तर मी भरपूर पाणी पिऊन पाहिलं, बाथरूमच्या चकरा वाढल्या, ओठ होते तसेच.

आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कोपऱ्यातल्या चिरा बघितल्या आणि बुरशीवरचं क्रीम दिलं, सोबत बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. हे चुकीचं नव्हतं, कारण ओठांचे कोपरे फाटतात त्यात कँडिडा नावाची बुरशी किंवा स्टॅफ जातीचे बॅक्टेरिया खरंच असतात बऱ्याचदा, आणि लोह, बी १२, रायबोफ्लेविन कमी असलं तरी कोपरे फाटतात. माझे कोपरे त्या क्रीमने बरे झाले पण, पटकन. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२ सगळं ठीक. पण मधला ओठ जो सोलला जात होता त्याला काहीच फरक नाही. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली की कोपरे फाटणं आणि ओठ सोलणं हे दोन वेगळे प्रकार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि मेडिकलमध्ये जाऊन "ओठांसाठी काहीतरी द्या" म्हटलं की हातात जे पडतं ते यातल्या कुठल्याच प्रकाराचं नसतं.

मेडिकलमधलं जे असतं ते म्हणजे थंडगार वाटणारा बाम. मेंथॉल, कापूर, कधीकधी सॅलिसिलिक ॲसिड. लावल्या लावल्या इतकं गार वाटतं की वाटतं हेच औषध. अर्ध्या तासाने ओठ परत कोरडे, मग परत लावा. मी एकेक डबी संपवायचे आणि मनात म्हणायचे बाम चांगला आहे, माझे ओठच खराब. मग कुणीतरी सांगितलं की केमिकलवालं लावू नको, नॅचरल लाव, म्हणून मधमाशीच्या मेणाचा, प्रोपोलिसवाला, दालचिनी आणि व्हॅनिलाचा वास असलेला एक महागडा बाम आणला. वास अप्रतिम. आणि साखरेचा स्क्रब, तोही कुणीतरी सांगितलेला, "डेड स्किन काढून टाक मग नवीन येईल." डेड स्किन निघाली, नवीन आली, तीही सोलून निघाली. जो ओठ आधीच सोलतोय त्याला अजून घासून सोलायचं हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.

शेवटी स्किन स्पेशालिस्टकडे गेले. या मॅडमनी पहिल्या भेटीत औषध कमी आणि प्रश्न जास्त विचारले, आणि प्रश्न पण असे की मला वाटलं या ओठांबद्दल बोलतायत की माझ्यावर पुस्तक लिहितायत. टूथपेस्ट कुठली, माउथवॉश वापरता का, लिपस्टिक, सनस्क्रीन, फेसवॉश. पेन, हेअरपिन, सुई असलं काही तोंडात धरायची सवय आहे का (निकेल असतं त्यात). तोंडाने वाजवायचं एखादं वाद्य वाजवता का. नाक चोंदतं का, तोंड उघडं ठेवून झोपता का. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यात जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सुकतात. व्हिटॅमिन ए च्या गोळ्या मनाने घेता का. नवरा काय वापरतो, दाढीनंतर काय लावतो. मग माझे हात हातात घेऊन नखं बघितली. मी म्हटलं, "मॅडम, त्रास ओठांना आहे." त्या म्हणाल्या, "नेलपॉलिश लावता ना? हाताला काही होत नाही कारण तिथली कातडी जाड, पण त्याच नखाने तुम्ही ओठ सोलताय. नेलपॉलिशची ॲलर्जी पुष्कळदा नखाजवळ दिसतच नाही, पापण्यांवर नाहीतर ओठांवर दिसते." हे मला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं.

लहानपणी कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत खाज यायची का हेही विचारलं. यायची. म्हणजे एक्झिमाची प्रकृती मुळात होतीच, आणि अशा लोकांचे ओठ लवकर बिघडतात म्हणे.

मग त्यांनी जे समजावलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण त्याच्यामुळे पुढचं सगळं करायला धीर आला. ओठांचा जो लाल भाग असतो तिथे घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, आणि केसांसोबत जी तेलाची ग्रंथी असते ती पण जवळपास नाहीच. वरचा जो कडक थर बाकी कातडीवर असतो तो इथे एकदम पातळ. म्हणजे आतलं पाणी बाहेर उडून जायला काही अडवणूकच नाही, गालावरून जेवढं उडतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ओठांवरून उडतं. म्हणून पाणी पिऊन फरक पडत नाही, गळती बाहेरून आहे. आता त्यात लाळ. ओठ कोरडे वाटले की आपण जीभ फिरवतो, क्षणभर ओलं वाटतं, मग ती लाळ उडून जाताना ओठ आणखी सुकवते, आणि लाळेत अन्न पचवणारी एन्झाइम्स असतात ती त्या उघड्या कातडीवर बसतात. चिडलेली कातडी घाईघाईने नवा थर बनवायला लागते, घाईत बनलेला थर धड चिकटत नाही, तो सुटतो, आपण ओढतो, खाली पुन्हा कच्ची कातडी. हे चक्र एकदा सुरू झालं की मूळ कारण काय होतं ते बाजूला राहतं आणि चक्र आपलं आपण फिरत राहतं.

त्या म्हणाल्या, याला आम्ही कायलायटिस म्हणतो पण ते नुसतं "ओठांना सूज" असं नाव झालं, कारण शोधावं लागेल. सतत चिडवणारी वस्तू असू शकते, ॲलर्जी असू शकते, एक्झिमा असू शकतो, सवय असू शकते, उन्हाने झालेलं असू शकतं, आणि बहुतेकांना यातलं एकाहून जास्त असतं. उन्हाचं ऐकून मी घाबरले. त्यांनी खालचा ओठ दोन बोटांत धरून चाचपून बघितला. वर्षानुवर्षं उन्हात काम केलेल्या लोकांच्या खालच्या ओठावर एखादी जागा खरखरीत, पांढुरकी, कडक होते, किंवा एकच फोड भरतच नाही, तर तिथे तुकडा काढून तपासावा लागतो, कारण त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. माझं तसं काही नव्हतं. पण ज्यांची एकच जागा कित्येक आठवडे तशीच आहे त्यांनी कृपा करून माझं हे वाचून पेट्रोलियम जेली लावत बसू नये, आधी दाखवून यावं.

घरी पाठवताना सांगितलं की पुढच्या वेळी येताना तोंडाच्या आसपास लागणारी प्रत्येक वस्तू पिशवीत घालून आणा, आणि आजपासून ओठांना फक्त पांढरी पेट्रोलियम जेली, साधी, बिनवासाची, बिनरंगाची. दुसरं काही म्हणजे काहीच नाही. टूथपेस्ट बिनफ्लेवरची आणि फेस कमी करणारी, म्हणजे ज्यात सोडियम लॉरिल सल्फेट नाही अशी. माउथवॉश बंद. लिपस्टिक बंद. नेलपॉलिश बंद. च्युइंगगम, पुदिन्याच्या गोळ्या बंद.

मी थोडी खट्टू झाले. इतकी वर्षं थांबून डॉक्टरकडे जायचं आणि हातात काय, तर १८७२ साली पेटंट घेतलेली वस्तू, जी घरात आधीपासून पडलेली असते. पण ती कशी लावायची ते मला खरंच माहीत नव्हतं. जेली ओठाला पाणी देत नाही, आत आहे ते उडू देत नाही, एवढंच तिचं काम. म्हणून कोरड्या ओठांवर लावण्यापेक्षा ओठ जरा ओले करून लगेच वर लावायची. दात घासायच्या आधी लावायची, म्हणजे पेस्टचा फेस ओठांना भिडत नाही, आणि नंतर साध्या पाण्याने ओठ नीट धुऊन परत लावायची. जेवायच्या आधी लावायची, नंतर टिपून परत. झोपताना जाड थर. ओठांवर बोट घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. सकाळचा पापुद्रा निघतोय असं वाटलं तर ओला मऊ कपडा पाच-दहा मिनिटं ओठांवर ठेवायचा, जे आपोआप सुटेल ते सुटेल, जे लोंबकळत असेल ते छोट्या स्वच्छ कात्रीने कापायचं, ओढायचं नाही.

पहिले काही दिवस भयंकर गेले. जेलीने पापुद्रे फुगून पांढरे व्हायचे आणि आरशात बघवायचं नाही, ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटतो तसं दिसायचं. बिनफ्लेवरच्या पेस्टने दात घासले की तोंड धुतल्यासारखं वाटायचंच नाही, इतकी वर्षं स्वच्छ म्हणजे पुदिना असं डोक्यात बसलेलं. शिवाय सारखा मोह, तो जुना वासाचा बाम एकदाच लावू, गार वाटेल. तो मी एका मैत्रिणीला देऊन टाकला, तिला काही झालं नाही त्याने, आजही वापरते.

सूज खाली यावी म्हणून सुरुवातीला हलक्या स्टिरॉइडचं मलम होतं, थोडेच दिवस. जादू. ओठ इतके सुंदर झाले की मी फोटो काढले. बंद केलं आणि आठवड्याच्या आत पुन्हा लाल. मी फोन करून विचारलं की तेच चालू ठेवू का, तर स्पष्ट नाही. चेहऱ्याच्या त्या भागात स्टिरॉइड लांबवलं तर कातडी आणखी पातळ होते आणि तोंडाभोवती बारीक पुरळ उठतं जे मलम सोडलं की अजून भडकतं, म्हणजे एक सोडवायला जाऊन दुसरं मागे लागतं. त्याऐवजी टॅक्रोलिमसचं मलम दिलं, ते स्टिरॉइड नाही, कातडी पातळ करत नाही. (हे औषध १९८४ साली जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून सापडलं आणि आधी अवयव बदलल्यावर शरीराने तो नाकारू नये म्हणून वापरात आलं, हे वाचून मला उगाचच आपल्या ओठांचं महत्त्व वाढल्यासारखं वाटलं.) पण त्याबद्दल एक सांगून ठेवते, सुरुवातीचे काही दिवस ते झोंबतं. मिरची लावल्यासारखं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून टिकले, नाहीतर पहिल्याच रात्री ट्यूब फेकली असती. नंतर झोंबणं आपोआप गेलं.

या सगळ्यात ओठ बरेच सुधारले पण जेली आणि मलम यांच्यावरच टेकून होते. कारण काय ते कळलं नव्हतं. म्हणून मग पॅच टेस्ट.

इथे एक घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून सांगते. ॲलर्जी टेस्ट म्हणून रक्ताची तपासणी करतात किंवा हातावर टोचून बघतात, ती वेगळी. ती लगेच येणाऱ्या ॲलर्जीची, शिंका, दमा, अंगावर गांधी उठणं असल्याची. ओठांची ही जी ॲलर्जी असते ती उशिरा येणारी, वस्तू लागल्यावर एक-दोन दिवसांनी उमटणारी, आणि ती रक्तात सापडत नाही. रक्ताचा एक भलामोठा रिपोर्ट माझ्याकडे आधीपासून होता, त्यात धुळीचे किडे निघाले होते, ओठांशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि हे उशिरा उमटणंच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. बाम लावला आणि लगेच आग झाली असती तर कुणीही तो फेकला असता. इथे लावल्यावर छान वाटतं, भडकतं परवा, आणि परवा आपण त्याच्यावर उपाय म्हणून तोच बाम परत लावतो.

पॅच टेस्टमध्ये पाठीवर चिकटपट्ट्या लावतात, त्यात छोट्या छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्या, प्रत्येकीत एकेक पदार्थ. वास, रंग, मेण, रबर, धातू, प्रिझर्व्हेटिव्ह असं सगळं, आणि हे पदार्थ बहुतेक करून पेट्रोलियम जेलीतच कालवलेले असतात, कारण तिची ॲलर्जी जवळपास कुणालाच नसते. (तेव्हा मला त्या १८७२ च्या वस्तूबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.) माझ्या पिशवीतल्या वस्तूही लावल्या, बाम, लिपस्टिक, जुनी टूथपेस्ट, ती मात्र पातळ करून, कारण पेस्ट तशीच लावली तर फेसाच्या द्रव्याने कुणाचीही पाठ लाल होईल. पट्ट्या ४८ तास ठेवायच्या. पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, पाठ उन्हात न्यायची नाही, त्याआधी पाठीवर स्टिरॉइड लावायचं नाही आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सांगायचं. खाजेच्या नेहमीच्या गोळ्यांनी सहसा या टेस्टमध्ये फारसा फरक पडत नाही, पण डॉक्टरांना विचारून घ्या. ते दोन दिवस मी खुर्चीत टेकून बसायलाही घाबरत होते. खाज सुटायची नेमकी डाव्या खांद्याखाली, हात पोचत नाही तिथे, आणि पोचला असता तरी खाजवायचं नव्हतं.

४८ तासांनी पट्ट्या काढल्या, पेनाने खुणा केल्या, बघितलं, आणि मग परत ९६ तासांनी बघितलं. दुसरं बघणं महत्त्वाचं, माझं अर्धं उत्तर तेव्हाच आलं. पहिल्या दिवशी एकच जागा लाल होती, दुसऱ्या वेळी तीन, त्यातली एक चांगली फुगलेली, बारीक पाणीदार पुटकुळ्या असलेली. नवऱ्याला फोटो काढायला लावला तर म्हणे, "अगं, हे तर तुझ्या ओठांसारखंच दिसतंय." एवढं अचूक तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

निघालं काय तर, पेरू बाल्सम जोरात, वासांचं मिश्रण म्हणजे फ्रेग्रन्स मिक्स, आणि प्रोपोलिस. पेरू बाल्सम हा एका झाडाचा डिंकासारखा चीक, वासाला गोड, व्हॅनिला-दालचिनीच्या जवळचा, आणि त्याची ॲलर्जी निघाली म्हणजे बहुतेक वासांच्या ॲलर्जीचा इशारा समजायचा. प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या झाडांच्या चिकापासून पोळं लिंपायला जे बनवतात ते, त्यात आणि बाल्सममध्ये काही द्रव्यं सारखी आहेत म्हणून दोन्ही एकत्र निघतात बऱ्याचदा. फ्रेग्रन्स मिक्समध्ये दालचिनीतलं सिनॅमल असतं, लवंगेतलं युजेनॉल असतं. आता माझी पिशवी बघा. नॅचरल बाममध्ये प्रोपोलिस आणि दालचिनी. टूथपेस्टमध्ये लवंग. मेणाला थोडं प्रोपोलिस चिकटून येऊ शकतं म्हणून मधमाशीचं मेणही टाळायला सांगितलं. मेंथॉलच्या बामची ॲलर्जी नव्हती, तो नुसताच चिडवत होता. नेलपॉलिश निर्दोष सुटली. लॅनोलिनही नाही निघालं, म्हणजे लोकरीतली चरबी जी कितीतरी लिप बाममध्ये असते आणि जिला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२३ साली ॲलर्जन ऑफ द इयर ठरवलं. "नॅचरल" या शब्दाचं मला तेव्हापासून काही वाटत नाही. कातडीला ते द्रव्य झाडातून आलं की कारखान्यातून याच्याशी देणंघेणं नसतं.

मग सुरू झालं लेबल वाचणं. पर्फ्यूम, फ्रेग्रन्स, अरोमा, फ्लेवर, यातला एक जरी शब्द असेल तर ती वस्तू परत ठेवायची. "अनसेंटेड" लिहिलेल्यावर पण लगेच विश्वास नाही, कारण मूळ वास दाबायला दुसरा वास घातलेला असू शकतो, "फ्रेग्रन्स फ्री" त्यातल्या त्यात बरं. बारीक अक्षरात सिनॅमल, युजेनॉल, बेंझिल अल्कोहोल, बेंझिल सिनॅमेट असलं काही आहे का बघायचं. नवीन काही वापरायचं असेल तर आधी ओठांना नाही, कोपराच्या आतल्या बाजूला त्याच जागी रोज दोनदा, निदान आठवडाभर लावून बघायचं. मी अशा रीतीने एक लिपस्टिक शोधलीय. एकच रंग, जरा उदास, पण चालतो.

आता सवयीचं. मला वाटलं होतं कारण सापडलं, वस्तू बंद केल्या, की सोलायची सवय आपोआप जाईल. नाही जात. ओठ सपाट असले तरी बोट तिथे जातंच, कडा शोधत. मॅडम म्हणाल्या हे नखं खाण्याच्या जातीतलं, आणि काहींचं सगळं दुखणं याच्यावरच उभं असतं, पॅच टेस्टमध्ये काहीच निघत नाही, आणि त्यांच्यासाठी खरा उपाय सवय मोडण्याचा असतो, त्याच्यासाठी वेगळे थेरपिस्टही असतात. मला त्यांनी एवढंच सांगितलं की हात कधी जातो ते आधी नुसतं बघा, थांबवू नका. बघितलं. वाचताना, फोनवर स्क्रोल करताना, मीटिंगमध्ये दुसरं कुणी बोलत असताना. म्हणजे हात रिकामा आणि डोकं कुठेतरी. मग त्या वेळी हाताला काहीतरी द्यायचं, मी रबरबँड घेऊन बसते, आणि नखं अगदी बारीक कापलेली, कारण पकडायलाच काही राहिलं नाही की अर्धं काम होतं. अंगठ्याने चाचपते अजून. पण ओढत नाही, निदान रोज नाही.

आणि हे पटपट होत नाही. ओठांची कातडी लवकर बदलते असं म्हणतात, पण वर्षानुवर्षं चिडलेली कातडी शांत व्हायला महिने लागले मला. मधे दोनदा सगळं परत भडकलं, एकदा सर्दीत नाक बंद होऊन तोंडाने श्वास घेतला तेव्हा, आणि एकदा काय झालं कळलंच नाही. कळलं नाही तर नाही. जेली, थोडे दिवस टॅक्रोलिमस, आणि गप्प बसायचं.

अलीकडेच एक दाढ दुखायला लागली म्हणून डेंटिस्टकडे गेले आणि तिथे त्या पॅच टेस्टच्या कागदाचा असा उपयोग झाला की सांगते. कागद मी पर्समध्ये घडी करून ठेवलेला असतो. डेंटिस्टनी युजेनॉल वाचलं आणि हातातलं काम थांबवलं, कारण तात्पुरतं सिमेंट भरतात ना दाताला, ज्याला दवाखान्याचा तो ठरलेला लवंगेचा वास येतो, ते झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचंच असतं. युजेनॉल नसलेलं सिमेंट असतं, त्यांनी ते वापरलं, दात पॉलिश करायला पण फ्लेवरवाल्या पेस्टऐवजी नुसती प्युमिस पावडर पाण्यात कालवून घेतली, आणि सुरू करायच्या आधी स्वतःच माझ्या ओठांना जेली लावून घ्यायला सांगितली. तेव्हा ज्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय त्यांनी त्या यादीचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दातांचं काहीही करायच्या आधी दाखवा, खुर्चीत आडवं पडल्यावर तोंडात नळी असताना सांगता येत नाही.